रेंजोबा

आमच्या पाड्याला शहापूरवाले म्हणतात, तुम्ही मुरबाडात मोडता. मुरबाडवाले म्हणतात, शहापुरात विचारा. त्यामुळे आमच्याकडे यायला निघालेला मोबाईलचा टॉवर अजून वाटेतच आहे. घरात फोन म्हणजे घड्याळ आणि बॅटरी. कोणाशी बोलायचं असेल तर शेतांच्या वर काळा कातळ आहे, तिथं जायचं. किन्हवलीकडे तोंड करायचं, फोन धरून हात वर करायचा आणि दोन काड्या दिसल्या की हलायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी हितेश सर शिबिराला जागा बघायला आले ते नेमके संध्याकाळचे. कातळावर पंधरा-वीस माणसं एका दिशेला तोंड करून उभी. कोणाचा हात वर, कोणाचे डोळे मिटलेले, बायका पदराआड काहीतरी पुटपुटताहेत. सर ठाण्याचे. त्यांना गलबलून आलं. खाली बांधावर माझे सासरे, कोंडूआबा, तंबाखू मळत बसले होते. सरांनी त्यांना हळूच विचारलं, "बाबा, हे काय चाललंय?"

आबांना आयुष्यात सरळ उत्तर देता आलेलं नाही. ते म्हणाले, "रेंजोबा."

"रंजोबा?"

"हां. कधी पावतो, कधी नाय. आभाळ भरला का बिलकुल नाय पावत. हात वर करून उभा र्‍हायला लागतो. घाई केली का कोपतो."

आबांच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सरांनी वहाणा काढल्या आणि लांबूनच हात जोडले. आम्ही चुलीपाशी बसून रात्रभर हसलो. आठ दिवसांनी सरांनी आबांची वरची पड जागा शिबिरासाठी भाड्यानं घेतली, मला स्वयंपाकावर ठेवलं, शेजारच्या गिरजाला भांड्यांवर, आणि आमचं हसू आटलं. कारण मग सरांना खरं सांगायचं कोणी?

शिबिराचं नाव 'निसर्गमौन'. मोबाईलच्या नादी लागलेल्या शहरातल्या पोरांना दहा दिवस इथं आणून सोडायचं आणि माणसात आणायचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'नेटवर्क शून्य, शंभर टक्के खात्री'. त्याखाली कातळाचा फोटो आणि मजकूर: 'रंजोबा. मनाचं रंजन करणारं प्राचीन लोकदैवत. येथील भोळी माणसं पिढ्यानपिढ्या रोज सायंकाळी येथे मौन उभी राहतात. मोबाईल म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नाही.' ही भोळी माणसं हा मजकूर आपापल्या मोबाईलवर वाचत होती. हितेश सरांचं आधी ठाण्यात मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं, असं त्यांचा ड्रायव्हर सांगतो. म्हणजे माणूस धंद्यातलाच.

मग आम्ही भोळे झालो. घरांवरच्या टीव्हीच्या छत्र्यांवर गोणपाटं टाकली. गिरजा लग्नापासून पंजाबी ड्रेसवर वावरलेली. तिला नऊवारी नेसायला यूट्यूबवर बघून शिकावं लागलं, तेही कातळावर उभं राहून. आम्ही आमचे फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला लागलो. शिबिर चालू असताना कातळावर जायचं ते भक्त म्हणून. बायकांनी फोन पदरात धरायचा, बाप्यांनी टोपीत. सरांनी कातळावरच्या एका उभ्या दगडाला शेंदूर फासला आणि तिथं गोची झाली. आमच्याकडे दगडाला एकदा शेंदूर लागला की लागला. तो कोणी लावला, कशाला लावला, हे मग कोणी विचारत नाही. गिरजा रोज तिथून नणंदेशी भांडायची, ते तिनं बंद केलं. म्हणाली, "देवासमोर शिव्या कशा देऊ गो?"

मी तिला म्हटलं, "अगो, आबांचा रेंजोबा तो!"

"असंल. पन शेंदूर हाय ना?"

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत शिबिराला पंचवीस पोरं आली. चौदा-पंधरा वर्षांची, उंच उंच, पण चेहऱ्यावर आजारातून उठल्याची कळा. पहिल्या दिवशी त्यांचे फोन बंद करून एका लोखंडी पेटीत घातले आणि सरांनी कुलूप लावलं. तेव्हा एक पोरगी अशी रडली की मला माझ्या पाठवणीची आठवण झाली. मग कार्यक्रम सुरू झाले. सकाळी मातीशी संवाद, म्हणजे आमच्या खाचरात उभं राहून चिखलाला मनातलं सांगायचं. दुपारी भातकापणी. अर्धा तास कापायचं आणि तासभर त्याबद्दल काय वाटलं ते बोलायचं. ती कापलेली ओळ मागून आम्ही परत कापायचो. संध्याकाळी कोंडूआबा गोष्ट सांगायचे. एकदा वाघाची गोष्ट ऐन रंगात आलेली असताना एका पोरानं हात वर केला, "काका, थोडं फास्ट होईल का?" आबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तो पोरगा प्रज्वल. चौथ्या दिवसापासून त्याच्यात एकदम फरक पडला. रोज संध्याकाळी सर्वांच्या आधी कातळावर. रंजोबासमोर मांडी घालून, मान खाली, एक हात शर्टाच्या आत, छातीपाशी. अर्धा अर्धा तास हलायचा नाही. सर दुसऱ्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे. मला मात्र त्याच्या शर्टाच्या आत निळा उजेड दिसला होता. पोरानं घरून दुसरा फोन आणला होता. मी बोलले नाही. चोराची वाट चोराला ठाऊक. पुढच्या दोन दिवसांत अर्धं शिबिर भक्तीला लागलं. एका फोनवर बाराजण ध्यान करत होते. सरांनी वहीत टिपून घेतलं की सातव्या दिवशी सामूहिक मौन साधलं.

हे सगळं मला हसून सोडता आलं असतं. पण माझा जीव तेव्हा वेगळ्याच गोष्टीत अडकला होता.

माझी नम्रता बारावी झाली. आमच्या पाड्यात बारावी झालेली पोर नवीन नाही, पण पुढे काय, तर लग्न नाहीतर भिवंडीच्या गोदामात पॅकिंग. तिचा बाप शेखर त्याच गोदामात आहे. आसनगावपर्यंत मोटारसायकल, पुढे लोकल, पुढे रिक्षा. रात्री येतो तो जेवताना झोपतो. नम्रताला नर्स व्हायचं होतं. तिनं अर्ज केले, परीक्षा दिली, पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीत नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, जाऊ दे, नशिबात नसेल. ती म्हणाली, "नशीब सर्व्हरवर असतं आई, रोज बघायला लागतं." रोज कातळावर जाऊन ती बघायची. शेवटच्या फेरीत, शिबिराच्या नवव्या दिवशी, तिचं नाव लागलं. नाशिकच्या कॉलेजात, होस्टेलसकट.

पोर धावत खाली आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी भाकरीच्या पिठाच्या हातांनीच तिला धरलं. मला वाटलं, झालं. पण सरकारचं काही असं झालं म्हणून होत नाही. ती जागा आपल्याला हवी आहे, असं दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत कॉम्प्युटरवर सांगायचं होतं, नाहीतर ती खालच्या नंबरला जाणार. कागद चढवायला शहापूरच्या सेवा केंद्रात जावं लागणार. आणि तिथं शेवटी ओटीपी येणार, तो माझ्या फोनवर. कारण अर्ज भरला तेव्हा नम्रताकडे फोन नव्हता, म्हणून माझा नंबर टाकला होता. नंबर बदलायचा तर त्यालाही ओटीपी लागतो आणि तोही माझ्याच फोनवर येतो.

"तू माझाच फोन घेऊन जा," मी म्हटलं.

"आणि कागदात काय कमी निघालं तर मी घरी कोणाला सांगू? तुझा तुझ्याकडे असू दे. मी निघाले की आबांना तो देऊन वर कातळावर बसव. काय लागलं तर मी फोन करेन. दुपारी तू ये कातळावर. ओटीपी आला की लगेच मला फोन करून सांग. दहा मिनिटांनी तो मरतो."

ठरल्याप्रमाणे ती सकाळच्या पहिल्या जीपनं बापाचा जुना फोन घेऊन शहापूरला गेली. शेखर त्या दिवशी फोनशिवाय कामावर गेला. एवढं आमचं घर त्या एका जागेसाठी पणाला लागलं होतं.

जीप गेली आणि हितेश सर स्वयंपाकघरात आले. शिबिराचा शेवटचा दिवस, पोरांचे आईबाप येणार, सांगता समारंभ. सर घामेघूम झालेले.

"सरिताताई, गिरजाताई, तुमच्याकडे फोन आहेत हे मला माहीत आहे. मी इतके दिवस दुर्लक्ष केलं. आज पालक सगळीकडे फिरणार. तांदळाच्या डब्यात फोन वाजला तर माझी इज्जत जाईल. आणा इकडे."

"सर, आजच्या दिवस नको," मी म्हटलं. "पोरीच्या अॅडमिशनचं हाय."

"पण इथे रेंजच नाही, तर फोनचं काय करणार तुम्ही?"

आता काय बोलणार? रेंज आहे म्हटलं तर शंभर टक्के खात्री गेली, शिबिर गेलं, गिरजाचं काम गेलं, आबांचं भाडं गेलं. गिरजा माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांनी नको नको म्हणत होती. तेवढ्यात गिरजानंच डबा उघडला आणि दोन्ही फोन सरांच्या हातात दिले. सरांनी ते मोठ्या पेटीत टाकले आणि किल्ली खिशात घातली.

सकाळभर मी आमटी करत होते की काय करत होते मला माहीत नाही. दोनदा मीठ घातलं. पालकांनी ती आमटी 'अस्सल गावाकडची चव' म्हणून वाटीवर वाटी प्यायली. पालकांनाही सरांनी सक्ती केली होती की फोन गाडीत ठेवून यायचं. सगळ्यांनी मान डोलावली होती.

मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, तुमी सरांना सांगा. रेंजोबा म्हंजे रेंज, देव बिव काय नाय, सांगून टाका."

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "सरू, पोरीचा होयाला पायजे. पन आता कसा सांगू? दोन वर्षं मी त्यांना देवाची गोष्ट सांगतो हाय. आज ते माझ्याच हातनं नारळ फोडनार हायेत."

"मग पोरीचं काय?"

"देव करंल काय ते."

"कंचा देव?" मी ओरडले. आबा नारळ सोलायला निघून गेले.

दुपार कलली. सांगता कातळावरच होती. सरांना कल्पना सुचली होती की फोनची पेटी पालखीतून मिरवत रंजोबासमोर न्यायची, पोरांनी तिच्यावर हात ठेवून शपथ घ्यायची आणि मगच फोन परत करायचे. पालखीसाठी आमचाच पाळणा सोडून नेला. पुढे ताशा, मागे पोरं, त्यांच्या मागे पालक, गॉगल लावलेले, काही जणांचे डोळे आधीच ओले. सगळ्यांच्या मागे मी. माझी लेक तिकडे शहापुरात काचेच्या खिडकीपाशी बसली असेल, कागद चढले असतील, तो माणूस म्हणत असेल, ओटीपी सांगा. आणि मी इथं माझ्याच फोनची मिरवणूक बघत होते.

पेटी कातळावर ठेवली. सर बोलायला उभे राहिले. "या पेटीत," सर म्हणाले, "तुमच्या मुलांच्या बेड्या आहेत. गेले दहा दिवस ही पेटी शांत आहे. ऐका ही शांतता."

सगळे ऐकू लागले आणि पेटी घुमायला लागली.

पोरांचे फोन बंद होते, पण आमचे दोन चालूच टाकले होते सरांनी. सकाळपासूनचं सगळं त्यांना कातळावर आल्यावर एकदम मिळालं. लोखंडी पेटी, त्यात दोन फोन थरथरताहेत. असा आवाज की पेटीत भुंग्यांचं मोहोळ भरलंय. पालखी धरणारे दोघे दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात एका गृहस्थांच्या विजारीचा खिसा घुमला. मग एका बाईंची पर्स. मग इकडे, मग तिकडे. फोन गाडीत ठेवून आलेली ती सगळी मंडळी आभाळाकडे बघायला लागली.

सर पांढरेफटक पडले. "हे… हे काय आहे?"

आबा पुढे झाले. शिबिर बुडताना त्यांना दिसत होतं. दगडापुढे हात जोडून ते मोठ्यानं म्हणाले, "देव जागा झाला! रेंजोबा घुमतो हाय!"

मला अजून सांगता येत नाही की ते मी ठरवून केलं की झालं. लहानपणी माझ्या माहेरी मावशीच्या अंगात यायचं, ते मी दर नवरात्रात बघितलेलं. पेटीत माझा फोन आहे, त्यात ओटीपी आहे, तो मरत चाललाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी अंबाडा सोडला. केस तोंडावर आले आणि माझ्या घशातून हुंकार निघाला, तो ऐकून मीच दचकले. मी घुमत घुमत पुढे गेले. लोक बाजूला झाले. बाईमाणसाला गर्दीतून एवढी वाट एरवी कोणी देत नाही.

गिरजानं ओरडून माझ्या पायावर अंग टाकलं. ती नाटक करत नव्हती.

आबा माझ्याकडे बघतच राहिले. पण रीत त्यांना ठाऊक होती. "कोन तू? नाव सांग!"

"रेंजोबा!"

"काय पायजे? नारळ?"

"नाय!"

"कोंबडा?"

"पेटी उघड!"

सर पुढे आले. "ताई, प्लीज, शांत व्हा, पेटी शपथेनंतर…"

"पेटी उघड! नायतर एकालाबी सोडनार नाय!"

एवढ्यावर ते खिसा घुमलेले गृहस्थ, मोठ्या कंपनीतले मोठे साहेब, सरांच्या अंगावर धावले. "उघडा ना हो! देवस्थानात कसला हट्ट करता?" गॉगलवाल्या बाई म्हणाल्या, त्यांचा यावर विश्वास नाही, पण उघडून टाका. सरांनी कुलूप काढलं. मी पेटीत हात घातला. सत्तावीस फोनांत माझा मला हाताला लगेच लागला. काचेला तडा गेलाय आणि मागे रबर लावलंय, म्हणून. मी तो कपाळाला लावला आणि केसांच्या आडून बघितलं. नम्रताचे सात चुकलेले फोन. आणि दोन ओटीपी, पहिला मेलेला, दुसरा नुकता आलेला. मी किन्हवलीकडे तोंड केलं, फोन लावला, कानाला धरला.

"आई!" पोरीचा आवाज रडवेला होता. "कुठं होतीस? लवकर सांग, खिडकी बंद करताहेत!"

मी दुसरा हात आभाळाकडे केला आणि ओरडले, "पाच!"

खालून सगळे म्हणाले, "पाच!"

"आठ! शून्य! दोन! दोन! सात!"

लोकांनी एकेक आकडा उचलला. कोणी हातावर लिहून घेतलं. प्रज्वल आणि त्याचे बाराजण पोटं धरून एकमेकांवर पडले होते. त्यांच्या आयांना वाटलं, पोरांनाही संचार झाला.

"आई, शेवटचे दोन परत सांग!"

"दोन! सात!"

मग काहीच ऐकू येईना. मी श्वास धरून उभी. खाली एवढी माणसं, पण पानसुद्धा हललं नाही. सरांना दोन वर्षांत जे मौन साधलं नव्हतं ते तेव्हा साधलं. मग माझ्या कानात पोर किंचाळली, "झालं! आई, कन्फर्म झालं!" आणि मी तिथंच खाली बसून रडायला लागले. मला थांबताच येईना. आमच्या घरातलं कोणी कधी कुठल्या यादीत पक्कं झालं नव्हतं. माझं बघून बायका रडल्या, गॉगलवाल्या बाई रडल्या. आबांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला. हळूच म्हणाले, "झाला का गो पोरीचा?" मी मान हलवली.

मला वाटलं, आता सर मला हाकलणार. पण धंद्यातला माणूस तो. अर्ध्या तासात त्यांनी पालकांना आकड्यांचा अर्थ सांगितला. पाच म्हणजे पंचमहाभूतं, आठ दिशा, शून्य म्हणजे मौन, दोन डोळे, दोन कान आणि सात दिवसांतून एकदा मोबाईलचा उपास. पालकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या शिबिराच्या जागा तिथल्या तिथे भरल्या. फोन कसे घुमले असं एकानं विचारलं, तर सर म्हणाले, ज्याचा फोन इथे वाजला त्याच्यावर देवाचं लक्ष आहे. मग कोणी काही विचारलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी नम्रता नाशिकला गेली. जाताना तिनं मला होस्टेलचा नियम सांगितला. पहिल्या वर्षाच्या मुलींना फोन फक्त रविवारी संध्याकाळी, तासभर. बाकी दिवस फोन वॉर्डनच्या कपाटात. "आई, रविवारी कातळावर ये. मी वाट बघेन." मी तिला सांगितलं, कातळ माझ्या सासऱ्याचा आहे, कोण अडवतोय मला.

पहिल्या रविवारी गेले तर कातळाला पायऱ्या झालेल्या. रविवार म्हणून गाड्या लागलेल्या, किन्हवली, आटगाव, थेट कल्याणचे लोक. पायरीशी पाटी: 'देवाचे मौन राखा. मोबाईल खाली ठेवावा.' आणि पाटीखाली टोपली घेऊन, भगवी शाल पांघरून आमचे आबा.

"सरू, फोन टोपलीत टाक."

"आबा, नम्रताचा फोन यायचाय."

"देवाच्या दारात नाय चालत. लोक बघतात. एकाला सोडला का सगळे घुसतील."

"अवो, कसला देव? तुमीच ना नाव ठेवलात?"

आबा गंभीर झाले. "नाव बापच ठेवतो. म्हनून पोरगा मोठा झाल्यावर बापाचा ऐकतो का?"

मागे रांगेत ढकलाढकली सुरू झाली. मी फोन टोपलीत टाकला नाही, तशीच खाली परत आले. सोमवारी किन्हवलीला बाजाराला गेले तेव्हा फोनवर तिचे चुकलेले फोन एकामागोमाग येऊन पडले. अकरा होते. शेवटी एक निरोप: 'आई तू आलीच नाहीस. मला इथं नको वाटतंय.' भर बाजारात मी मिरच्यांच्या गोणीवर बसले. तिला फोन लावला तर तो कपाटात बंद. त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही आणि आबांशी मी एक शब्द बोलले नाही. शेखर म्हणाला, मी बोलतो बाबांशी. तो बोलायला बसला आणि बसल्या जागी झोपला.

दुसऱ्या रविवारी मी नऊवारी नेसले. फोन कमरेला खोचला आणि पायरीशी आल्या आल्या अंबाडा सोडला. हुंकार दिला तशी रांग फाटली. आबा टोपली घेऊन उठले, माझ्या कमरेकडे बघितलं आणि बाजूला झाले. देवाची झडती घ्यायची त्यांची छाती नव्हती. मी घुमत वर गेले, किन्हवलीकडे तोंड करून बसले, केस पुढे घेतले आणि केसांच्या आत फोन कानाला लावला. एका रिंगमध्ये तिनं उचलला.

"आई?"

एवढी माणसं मागे बसलेली. काय बोलू? मी घोगरा आवाज काढला.

"जेवलीस का गो?"

मागून सगळ्या बायका हात जोडून म्हणाल्या, "जेवलो, देवा!"

"थंडी हाय का तिथं? पांघरून हाय ना?"

"हाय, देवा!"

तिकडे पोर रडायला लागली होती. म्हणाली, मुली चांगल्या आहेत, पण रात्री घरची आठवण येते. हाडांची नावं पाठ करायला दिली आहेत, ती पाठच होत नाहीत. माझा आवाज घोगरा करायची गरज उरली नाही, तो आपोआपच तसा झाला.

"रडू नको. मी हाय. दर रविवारी हाय मी. काय?"

मागे गिरजानं हुंदका दिला. तिच्या पाठोपाठ सगळा कातळ मुसमुसायला लागला. कोणाची सासू, कोणाचा नवरा, कोणाचं काय, ज्याचं त्याला ठाऊक. आबांनी शालीनं डोळे पुसले. पायरीशी हितेश सर वहीत लिहून घेत होते.

"आई," नम्रता नाक ओढत म्हणाली, "मागं एवढं कोण रडतंय?"

"कोन नाय," मी म्हटलं. "तू बोल."